अधोरेखित भाग

फक्त अधोरेखित भागाकडं बघायचं,
कोटगिरे सर सांगतात,
बाकीचं वाक्य बरोबर आहे असं धरून चालायचं.
असं धरून चालता आलं असतं
तर मी उदगीरच्या या अभ्यासिकेत
महिना सहाशे देऊन
एकवीस नंबरच्या खुर्चीत बसले असते का?

खाली पंक्चरचं दुकान, वर आम्ही चाळीस जण.
हवा सुटल्याचा फुस्स आवाज आला
की रेवणची पेन्सिल थांबते.
सिन्स का फॉर? तो विचारतो.
मी म्हणते, तीन वर्षं असतील तर फॉर,
बारावी झाल्यापासून असेल तर सिन्स.
तो बोटांवर मोजतो.
दोन्ही खरंच आहे, म्हणून गप्प बसतो.

कर्ता एक आणि क्रियापद अनेकांचं,
ही चूक मला आता लांबूनच दिसते.
मध्ये कितीही गर्दी घुसवा,
पेटीतल्या आंब्यांची, समितीतल्या सदस्यांची,
मी बोट ठेवून मागं मागं जाते
आणि खऱ्या कर्त्याची कॉलर धरते.
घरी हे जमत नाही.
मावशी फोनवर म्हणते, पोरीचं ठरलंय.
कुणी ठरवलं?
वाक्य संपतं तरी कर्ता येत नाही.

नो, लव्ह, बिलाँग.
सरांनी फळ्यावर एकाखाली एक लिहिलं.
यांना आयएनजी लावायचं नाही.
कळणं म्हणजे स्वयंपाक नव्हे, चालू आहे म्हणायला.
कळलं की कळलं.
मागून शाहीन उठली,
पण सर, आम्हाला तर कळूलालंय की!
वर्ग हसला. सरही हसले.
मग हातातला खडू बघत म्हणाले,
परीक्षेत नाही कळूलालत, बाई.

अण्णा बसस्थानकावर माईकवर असतात.
अभ्यासिकेच्या खिडकीतून त्यांचा आवाज येतो.
घरी ते येऊलालेत, जेवूलालेत,
माईकपुढं बसले की मात्र
गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे,
प्रवाशांनी कृपया नोंद घ्यावी.
एकोणतीस वर्षं एकच वाक्य.
गावाचं नाव बदलायचं, फलाटाचा आकडा बदलायचा.
रिकाम्या जागा भरा.

मंगळवारी सराव परीक्षा होती.
अडतिसावा प्रश्न. चार तुकडे, चारही धड.
पाचवा पर्याय ई, म्हणजे चूक नाही.
ई निवडताना माझा हात कापतो.
रोज शंभर चुका शोधणाऱ्याला
नीट वाक्य दिसलं की वाटतं,
यानं काहीतरी लपवलंय.
तेवढ्यात बाहेर लाऊडस्पीकर खरखरला,
देगलूरला जाणारी गाडी...
मग खोकला, मग कुणाशी तरी बोलणं,
मग पूर्ण तालुक्याला ऐकू जाईल असं,
निघूलालीय की ओ, पळा!

अभ्यासिका फुटली हसून.
रेवणनं बाक वाजवला.
माझे कान गरम झाले, तरी मी खिडकीपाशी गेले.
एक बाई चप्पल हातात घेऊन पळत होती,
मागं पिशवी सांभाळत एक पोरगं.
कंडक्टरनं दार उघडं धरलं होतं.
दोघं चढली.
गाडीनं वळण घेतलं.
कुणीही मागं राहिलेलं नव्हतं.

मी परत आले आणि ईला गोल केला.
एवढा ठाम गोल मी कधी केला नव्हता.
उत्तरतालिकेत बी निघालं.
एक आर्टिकल गळलं होतं, राईएवढं.
चुकीला पाव मार्क कापतात.

रात्री अण्णा ताटावर बसले.
आईकडं न बघता, माझ्याकडंही न बघता म्हणाले,
आज ऐकू आलतं का गं तिकडं?
आलतं, मी म्हणाले.
साहेबानं बोलावलंय उद्या. किती चुकलं म्हणावं?

पाव, मी म्हणाले.

अण्णांनी मान हलवली
आणि उरलेली भाकर वरणात चुरूलालते.